तार, घोडी आणि शाई

मैफल सुरू होण्यापूर्वी गवई तंबोरा जुळवीत असतो, त्या वेळी बहुतेक श्रोते शेजाऱ्याशी बोलत असतात. आमच्या मते मैफलीतला तो फार मोलाचा वेळ असून तो फुकट जातो. खुंट्या पिळून झाल्या, मणी सरकवून झाले, चारही तारा सुरात आल्या, तरी गवयाचे समाधान झालेले नसते. तो भोपळ्यावरच्या घोडीकडे वाकतो आणि तार व घोडी यांच्यामध्ये घातलेला बारीक दोरा केसभर पुढे, केसभर मागे असा सरकवू लागतो. कुठल्याशा एका जागी तार एकाएकी बोलू लागते. जवारी लागली, असे जाणते म्हणतात. छेडलेली असते खर्जाची एकच तार. पण तिच्यातून वरचा षड्ज निघतो, त्यावरचा पंचम निघतो आणि नीट कान दिला तर त्याहूनही वर गांधार ऐकू येतो. हा गांधार कोणी लावलेला नसतो. म्हणूनच आपल्या गायकांनी त्याला स्वयंभू हे विशेषण दिले आहे.

एका तारेतून अनेक स्वर का निघावेत, हा प्रश्न सतराव्या शतकात फ्रान्समधल्या एका धर्मोपदेशकाने विचारला. त्याचे पुरते उत्तर हाती येण्यास सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ लागला. आणि गंमत अशी की, ते उत्तर हाती आले तेव्हा त्यातून असा निष्कर्ष निघत होता की, तंबोऱ्याची तार जशी वाजते तशी ती वाजताच कामा नये! हा पेच कसा पडला आणि कलकत्त्यात सरकारी हिशेबखात्यातल्या एका तरुणाने छंद म्हणून आरंभलेल्या संशोधनातून तो कसा सुटला, हे आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

प्रथम थोडे शास्त्र. दोराचे एक टोक खांबाला बांधून दुसरे टोक हाताने एकदा झटकले, तर दोरातून एक लाट धावत जाते, खांबावर आपटते आणि उलटी होऊन परत येते. झटके एकामागून एक देत राहिले की जाणाऱ्या लाटा आणि येणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात. एरवी त्या मिसळण्याने नुसता गोंधळ होतो. परंतु हाताची लय एका ठराविक मापाची झाली की गोंधळ नाहीसा होतो आणि दोर जागच्या जागी फुगू लागतो. लाट धावते आहे असे मग दिसतच नाही. लय दुप्पट केली तर दोराचे दोन फुगे होतात आणि मधोमध एक बिंदू स्तब्ध राहतो. तिप्पट केली तर तीन फुगे आणि दोन स्तब्ध बिंदू. शास्त्रीय परिभाषेत यांना अप्रगामी तरंग म्हणतात. आम्ही सोपेपणासाठी स्थिर लहरी म्हणू आणि स्तब्ध बिंदूंना निस्पंद. दोन्ही टोके बांधलेल्या तारेत फक्त अशाच लहरी टिकू शकतात, ज्यांचे पुरे एक, दोन, तीन, चार असे तुकडे तिच्या लांबीत बसतील. अर्धवट तुकडा बसत नाही. तारेचा मूळ स्वर सेकंदाला १२० आंदोलनांचा असेल तर तिचे उपस्वर २४०, ३६०, ४८०, ६०० असे येणार. बासरीतली हवाही अशीच वागते. तेथे तारेऐवजी हवेचा स्तंभ असतो, एवढाच फरक. असो. आपण तारेपाशीच राहू.

तारेच्या लांबीचा आणि स्वराचा संबंध फार जुन्या काळी लक्षात आला. ग्रीसमध्ये त्याचे श्रेय इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात होऊन गेलेल्या पायथागोरसला देतात. तार निम्मी केली की वरचा षड्ज, दोनतृतीयांश केली की पंचम, तीनचतुर्थांश केली की मध्यम, हा हिशेब बरोबर आहे. पण त्याच्याबरोबर एक आख्यायिकाही चालत आली. लोहाराच्या दुकानावरून जाताना पायथागोरसला घणांचे सुरेल आवाज ऐकू आले. त्याने घण तोलून पाहिले तर त्यांची वजने १२, ९, ८ आणि ६ या प्रमाणात निघाली. मग तशीच वजने तारांना टांगून त्याने तेच स्वर काढले, अशी ती कथा. ग्रंथकारांमागून ग्रंथकारांनी ती उतरवून घेतली. वस्तुतः तारेला दुप्पट वजन टांगून वरचा षड्ज मिळतच नाही. त्याला चौपट वजन लागते. हे सांगितले व्हिन्चेंझो गॅलिली या ल्यूटवादकाने, १५८९ च्या सुमारास, म्हणजे कथा रचली गेल्यावर कित्येक शतकांनी. हा गृहस्थ सुप्रसिद्ध गॅलिलिओचा बाप. इतक्या शतकांत एवढ्या पंडितांपैकी कोणाला तारेला वजन टांगून पाहावेसे वाटले नाही आणि ते सुचले एका वाजवणाऱ्याला, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते.

आपल्याकडेही तार हेच मोजण्याचे साधन होते. भरताने नाट्यशास्त्रात श्रुतींची सिद्धता करण्यासाठी दोन वीणा घेतल्या आहेत. एक अचल ठेवावयाची आणि दुसरी पायरीपायरीने उतरवीत न्यावयाची. त्यात लांबीचे माप नाही, सारी भिस्त कानावर आहे. तारेच्या लांबीवरून स्वरांच्या जागा सांगणारा संगीत पारिजात हा अहोबलाचा ग्रंथ सतराव्या शतकातला. तारेच्या मध्यावर तार षड्ज, तो आणि खालचा षड्ज यांच्या मधोमध मध्यम, आणि तारेचे तीन भाग करून पंचम, असे त्याने स्वच्छ सांगून ठेवले आहे. ही ग्रीकांचीच गुणोत्तरे. येथे कोणी कोणाकडून काय घेतले, असा वाद घालण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. तार ग्रीसमध्ये ताणली काय किंवा हिंदुस्थानात ताणली काय, ती निम्म्यावर दाबली की तोच स्वर देणार.

त्याच शतकात पॅरिसच्या एका मठात मारँ मर्सेन हा धर्मोपदेशक तारांवर प्रयोग करीत होता. त्याचा विश्वसंगीतावरील मोठा ग्रंथ १६३६–३७ मध्ये प्रसिद्ध झाला. आंदोलने डोळ्यांनी मोजता यावीत इतक्या लांब, मंद हलणाऱ्या तारा ताणून त्याने तारेचे नियम पक्के केले. आंदोलनसंख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते, ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात, आणि तारेच्या दर लांबीमागील वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. तंबोऱ्यात खर्जाला जाड पितळी तार आणि जोडाला बारीक पोलादी तार का, याचे उत्तर या तिसऱ्या नियमात आहे. पण मर्सेनची खरी थोरवी आम्हांला दुसऱ्याच ठिकाणी दिसते. शांत वेळी एकच तार छेडून तो ऐकत बसे आणि त्याला मूळ स्वराखेरीज वरचा षड्ज, त्यावरचा पंचम, त्यावरचा षड्ज आणि त्याहून वरचा एक स्वर ऐकू येई. पाश्चात्य मोजणीने तो सतरावा स्वर; आपल्या भाषेत, दोन सप्तके वरचा गांधार. म्हणजे आपला स्वयंभू गांधारच मर्सेनने पॅरिसमध्ये ऐकला होता. एकच वस्तू एकाच वेळी निरनिराळ्या वेगांनी कशी हलेल? त्याने देकार्तसारख्या विद्वानांना पत्रे लिहिली, पण मनाजोगते उत्तर कोणी दिले नाही.

पुढची पायरी ऑक्सफर्डची. तेथे विल्यम नोबल आणि टॉमस पिगट या दोघांनी तारेवर कागदाचे चिमुकले चिठोरे स्वार केले आणि शेजारची, तिच्या एखाद्या उपस्वराशी जुळणारी, दुसरी तार वाजवली. काही चिठोरे थरथरून खाली पडले आणि काही ढिम्म बसून राहिले. जेथे ते बसून राहिले, ते निस्पंद. गणितज्ञ वॉलिसने १६७७ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. हा प्रयोग आजही कोणाला घरच्या सतारीवर करून पाहता येईल.

परंतु या सर्वाला शास्त्राचे रूप दिले ते जोझेफ सोव्हर याने. हा १६५३ मध्ये जन्मला आणि सात वर्षांचा होईपर्यंत त्याला वाचा फुटली नव्हती. फाँतनेलने त्याच्या निधनानंतर लिहिलेल्या चरित्रलेखात, त्याला गळाही नव्हता आणि कानही नव्हता, असे नमूद आहे. स्वर ओळखण्यासाठी तो संगीतकारांना जवळ बसवी आणि त्यांच्या कानांनी ऐके. अशा माणसाने १७०१ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपला निबंध वाचला आणि ध्वनीच्या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्र म्हणून नाव दिले. निस्पंदांना गाठ आणि फुगलेल्या भागांना पोट ही नावे त्याचीच. फ्रेंच भाषेत ती अजून चालू आहेत. चिठोऱ्यांचा प्रयोग सभासदांपुढे झाला तेव्हा कोठले चिठोरे पडतील आणि कोठले राहतील, हे आधी सांगून तसे घडलेले पाहताच सर्व चकित झाले. मागाहून कोणाला तरी वॉलिसची आठवण झाली. सोव्हरने ते श्रेय मोकळ्या मनाने देऊन टाकले. तथापि, तार एकाच वेळी अख्खीही हलते आणि तुकड्यातुकड्यांनीही हलते व म्हणूनच तिच्यातून अनेक स्वर निघतात, हे ठामपणे जोडून दाखवणारा सोव्हरच. ज्याला स्वतःचा कान नव्हता त्याने मर्सेनच्या कानाचे कोडे सोडवले!

कोडे सुटले खरे, पण गणिताच्या दरबारात ते मान्य व्हावयाचे होते. ब्रुक टेलरने १७१३ साली तारेच्या मूळ स्वराचे सूत्र गणिताने काढले. दालाँबेरने १७४७ मध्ये तारेच्या हालचालीचे समीकरणच मांडले आणि दुसऱ्याच वर्षी ऑयलरने त्यात भर घातली. मग १७५३ मध्ये दानिएल बर्नुली उभा राहिला. तो म्हणाला, तुमची समीकरणे सुंदर आहेत, पण तार कशीही छेडा, तिची हालचाल म्हणजे या साध्या स्थिर लहरींची बेरीजच होय. तारेला कान लावा, ती तुम्हांला सांगेल. ऑयलरला हे पटेना. बोटाने ओढलेल्या तारेला टोकदार कोपरा येतो. गुळगुळीत लहरींची कितीही बेरीज केली तरी कोपरा कसा तयार होणार? दालाँबेरला हे दोघेही पटत नव्हते. १७५९ मध्ये तरुण लाग्रांज या वादात उतरला तो ऑयलरच्या बाजूने. अर्धे शतक हा वाद धुमसत राहिला. १८०७ साली फूरिएने उष्णतेच्या वहनावरील निबंधात दाखवले की असंख्य लहरी घेतल्या तर कोपराही बनतो. तेव्हाही म्हातारा लाग्रांज आडवा आलाच. फूरिएचा ग्रंथ छापून निघायला १८२२ साल उजाडले. बर्नुलीपाशी पक्की सिद्धता नव्हती. त्याच्यापाशी कान होता, आणि तो शेवटी बरोबर ठरला. गणितज्ञांनीही त्याला उगाच छळले असे मात्र नव्हे. त्यांच्या हट्टामुळेच बेरजेचा अर्थ नीट तासून निघाला.

या साऱ्या गणितात एक गोष्ट सर्वांनी न बोलता धरून चालली होती. तारेची दोन्ही टोके खिळ्याला बांधल्यासारखी पक्की आहेत. हे गृहीत ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

१८०० साली टॉमस यंग या इंग्रज डॉक्टराने पियानोच्या तारेवर चांदीची बारीक तार गुंडाळली आणि तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा ठिपका भिंगातून पाहून तार कशी नाचते ते टिपले. त्याला एक नियम सापडला. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वराचा निस्पंद येतो, तो उपस्वर त्या छेडण्यातून उमटत नाही. हे सयुक्तिकच आहे; जो बिंदू स्तब्ध राहावयाचा, तोच ओढून सोडला तर ती लहर जागी कशी होणार? तार मधोमध छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे उपस्वर गळून जातील. पुढे हेल्महोल्ट्झने १८६३ च्या आपल्या प्रख्यात ग्रंथात या नियमाला मोठा आधार दिला. काचेचे व पितळेचे पोकळ गोळे कानाला लावून तो एकेक उपस्वर वेगळा काढून ऐके. सारंगी, बासरी आणि माणसाचा गळा हे एकच स्वर लावतात तरी निरनिराळे का वाटतात, याचे कारण त्या त्या स्वरात मिसळलेल्या उपस्वरांचे कमीअधिक प्रमाण, हे त्याने दाखवून दिले. मर्सेनच्या प्रश्नाचे वर्तुळ येथे पुरे झाले असे युरोपला वाटले.

या शास्त्राचे पडसाद महाराष्ट्रात उमटले ते सांगलीला. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर तारेशी मिळवून, तारेची लांबी मोजून, त्यांनी बावीस श्रुतींची गुणोत्तरे काढली आणि १९१० मध्ये ती इंग्रजी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाने त्यांना साथ दिली, श्रुती-हार्मोनियम तयार झाले, आणि १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावरून कडाक्याचा वाद झाला. भातखंडे आणि देवल यांचे जमले नाही. त्या वादात आम्ही पडत नाही; बावीसच्या बावीस श्रुती दशांशात बसवण्याचा अट्टाहास आम्हांला कधीच पटला नाही. परंतु एका बाबतीत देवलांचे म्हणणे तंबोराच खरे करून दाखवतो. षड्ज २४० धरला तर देवलांचा शुद्ध गांधार ३०० आणि हार्मोनियमचा सुमारे ३०२.४. कोणी म्हणेल, अडीच आंदोलनांचा काय तो बाऊ! पण खर्जाच्या १२० च्या तारेतून पाचवा उपस्वर ६०० चा येत असतो, आणि हार्मोनियमचा त्या सप्तकातला गांधार ६०४.८ चा असतो. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला जवळजवळ पाच वेळा कंप उठतो. गवयाच्या कानाला तो खुपतो. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दार बंद केले आणि ते १९७१ पर्यंत उघडले नाही. त्यामागे इतरही कारणे होती, पण हा पाच कंपांचा काटा त्यांत होताच.

आता कलकत्त्याकडे वळू. चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ साली अर्थखात्यात नोकरीला लागून तेथे आले तेव्हा ते १८ वर्षांचे होते. एके दिवशी ट्रॅममधून जाताना त्यांना बहूबाजार रस्त्यावर एक पाटी दिसली. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापिलेली ती विज्ञानसंस्था होती आणि तिच्या प्रयोगशाळेत काम करणारे माणूस जवळजवळ नव्हते. रामन सकाळी कचेरीपूर्वी आणि संध्याकाळी कचेरीनंतर तेथे जाऊ लागले. आशुतोष डे हे त्यांचे मदतनीस. पैसा नाही, उपकरणे नाहीत. पण तारा, चामडे आणि लाकूड यांना पैसा कितीसा लागतो? वडील व्हायोलिन वाजवीत, पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवीत. १९०९ मध्ये त्यांनी एकतारीवर लिहिले, १९१८ मध्ये व्हायोलिनच्या तारेवर मोठा निबंध लिहिला, आणि त्याच सुमारास त्यांचे लक्ष मृदंग व तबल्याकडे गेले. मर्सेन जन्मला १५८८ साली आणि रामन १८८८ साली. हा निव्वळ योगायोग, पण आम्हांला तो आवडतो.

चामड्याची गोष्ट तारेपेक्षा अवघड आहे. तारेचे उपस्वर दोन, तीन, चार असे सरळ पटीत येतात. सर्वत्र सारख्या जाडीचे गोल चामडे ताणून वाजवले तर त्याच्या मूळ स्वरावर १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेडेवाकडे स्वर येतात. त्यांचे आपसांत जमत नाही, म्हणून ढोलाचा आवाज हा नाद न वाटता धडधडाट वाटतो. पाश्चात्य वाद्यवृंदातला केटलड्रम हा काहीसा अपवाद. एरवी चर्मवाद्य म्हणजे ठोकण्याचे वाद्य, असेच तेथले मत होते. मग तबला षड्जात कसा लागतो? रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० च्या जानेवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात याचे उत्तर छापले. शाईमुळे. पुडीच्या मध्यावर बसवलेल्या त्या काळ्या वजनाने चामड्याची जाडी मध्यावर अधिक आणि कडेला कमी होते, आणि ते वेडेवाकडे स्वर सरकत सरकत पटींत येऊन बसतात.

१९३४ मध्ये बंगळूरहून निघालेल्या सविस्तर निबंधात रामन यांनी हे चित्रांनिशी दाखवले. पुडीवर बारीक वाळू पसरावी आणि बोटाचा हलका स्पर्श ठेवून चाटेवर आघात करावा. वाळू निस्पंद रेषांवर गोळा होते. तारेवर निस्पंद हा बिंदू असतो, चामड्यावर तो रेषा होतो; कधी व्यास, कधी वर्तुळ. रामन यांना अशा नऊ मूळ हालचाली सापडल्या आणि त्या नवांचे मिळून स्वर निघाले फक्त पाच. पहिल्या स्वराची एक हालचाल, दुसऱ्याची एक, तिसऱ्याच्या दोन, चौथ्याच्या दोन आणि पाचव्याच्या तीन. दोन व्यासांची हालचाल आणि एका वर्तुळाची हालचाल, साध्या चामड्यात ज्यांचे स्वर वेगळे पडतात, त्या शाईच्या पुडीत एकाच स्वरावर येऊन मिळतात. तबलजी अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकवून तर्जनीने ‘ना’ वाजवतो तेव्हा तो सबंध पुडी एकदम फुगण्याची पहिली हालचाल दाबून टाकतो आणि व्यासाच्या हालचाली तेवढ्या मोकळ्या सोडतो. वाळू न पसरता, शेकडो वर्षे, पिढ्यान्‌पिढ्या बोटे नेमकी तेथेच पडत आली आहेत.

तंबोऱ्यावरचा रामन यांचा निबंध १९२१ चा, अवघ्या पाच पानांचा. यंगचा नियम त्यांनी तंबोऱ्यावर लावून पाहिला. तार बरोबर मधोमध छेडली. नियमाप्रमाणे दुसरा उपस्वर गळावयास हवा होता. दोरा नीट जागी असताना तो गळाला तर नाहीच, उलट खणखणीत वाजत राहिला. आरंभी आम्ही ज्या पेचाचा उल्लेख केला तो हाच. नियम खोटा नव्हता. खोटे होते ते गृहीत. तंबोऱ्याची तार खिळ्याला बांधलेली नसते. ती रुंद आणि किंचित उतरत्या बाकाच्या घोडीवर आडवी पहुडलेली असते. तार खाली जाते तेव्हा घोडीच्या बाकावर टेकत जाते, वर येते तेव्हा सुटत जाते. तिचे टोक दर आंदोलनाला पुढेमागे होते आणि प्रत्येक वेळी घोडी तारेला जणू नवा हलका आघात देते. मूळ स्वराची शक्ती अशा रीतीने वरच्या उपस्वरांकडे वळत राहते. तुम्ही कोठेही छेडा, घोडी स्वतः टोकापासून छेडीतच असते! दोऱ्याचे काम एवढेच की तार आणि बाक यांमधला स्पर्श नेमका तेवढा राहावा, ना अधिक ना उणा. सपाट बसलेली तार दबते, फार उचललेली तार साध्या वाद्यासारखी कोरडी वाजते.

त्याच १९२१ मध्ये रामन विलायतेला गेले. परतीच्या प्रवासात समुद्राचा निळेपणा त्यांच्या मनात भरला आणि तेथून पुढे ते मुख्यतः प्रकाशाकडे वळले. १९३० चे नोबेल पारितोषिक त्या कामाचे. तारेचे गणित मात्र बराच काळ अर्धे राहिले. बाकदार घोडीवर टेकणाऱ्या तारेचे समीकरण सोडवणे सोपे नाही, कारण तारेची लांबी किती हेच क्षणोक्षणी बदलत असते. १९८२ साली बरिज, कॅप्राफ आणि मोर्शेदी या गणितज्ञांनी सतारीच्या तारेवर त्या दृष्टीने निबंध लिहिला, आणि तेव्हापासून संगणकावर असली तार वाजवून पाहण्याचे काम चालू आहे.

येथे दोन प्रकारच्या मंडळींविषयी थोडे बोलणे भाग आहे. एक म्हणतात, आमच्या पूर्वजांना हे सारे शास्त्र अवगत होते. रामन यांनाही जुन्या वाद्यकारांच्या ध्वनिज्ञानाविषयी मोठा आदर होता आणि तो त्यांनी लपवला नाही. पण शाई लावणाऱ्याला चामड्याची समीकरणे ठाऊक होती, असे म्हणणे म्हणजे त्याच्या खऱ्या कर्तृत्वावर पाणी ओतणे आहे. नाट्यशास्त्रात नदीकाठची माती वाद्याच्या मुखावर लावावी असे सांगितले आहे. मातीपासून आजच्या शाईपर्यंतचा मार्ग कोणी गणिताने काढलेला नाही. लोखंडाची पूड, काजळी आणि खळ यांचे थरावर थर द्यावयाचे, प्रत्येक थर दगडाने घोटावयाचा, घोटता घोटता त्याला सूक्ष्म भेगा पडू द्यावयाच्या म्हणजे चामडे जखडत नाही, हे एकेक पाऊल कोणीतरी ऐकून, चुकून, पुन्हा ऐकून टाकले आहे. दुसरी मंडळी म्हणतात, हे सारे अपघाताने जमले. अपघाताने एक पुडी जमेल. हजारो पुड्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच सुरात जमत नाहीत. समीकरण सोडवणारा आणि शाई घोटणारा यांचे ज्ञान दोन जातींचे आहे. पहिल्याने दुसऱ्याला खरे म्हणून दाखवले, एवढेच रामन यांच्या निबंधात घडले. खेदाची गोष्ट एकच. मर्सेन, सोव्हर, यंग यांच्या जन्ममृत्यूची साले आपल्याला मिळतात. पुडीवर पहिल्याने वजन चढवणाऱ्याचे किंवा तारेखाली पहिल्याने दोरा सरकवणाऱ्याचे नावसुद्धा कोणी लिहून ठेवलेले नाही. लिहिणारे निराळ्या जातीचे होते आणि चामडे कमावणारे निराळ्या. चामड्याला हात लावणाऱ्याला ग्रंथात जागा नव्हती.

मिरजेचे तंबोरे त्या मानाने भाग्यवान. तेथील सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा एकोणिसाव्या शतकात हे हात भोपळ्याकडे वळले. फरीदसाहेबांचे नाव तेवढे टिकून आहे. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेलाच राहत आणि त्यांना स्वतःलाही वाद्ये दुरुस्त करण्याचा नाद होता. भोपळा पंढरपूरच्या बाजूचा, लाकूड तुणीचे. पूर्वी घोडी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची करीत; आता कायद्याने ते दोन्ही वर्ज्य आहेत, म्हणून हाड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. प्रत्येकाचा कठीणपणा निराळा, त्यामुळे बाकही थोडा निराळा घ्यावा लागतो. वर्षभराच्या वाजवण्याने तारा घोडीत बारीक चर पाडतात, जवारी मंदावते आणि गवई तंबोरा पुन्हा कारागिराकडे पाठवतो. तो तारा उतरवतो, घोडीवर कानस फिरवतो, एक तार चढवून छेडतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. एका घोडीच्या मागे असा अर्धा दिवस सहज जातो.